प्रोजेक्टरचा कॅमेरा होताना

आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री यांनी मुंबईच्या जुन्या बाजारात सिनेमा दाखवायचं एक वापरलेलं यंत्र विकत घेतलं, कोल्हापूरला आणलं आणि त्यावर खेळ लावायला सुरुवात केली. मराठी सिनेमाच्या इतिहासात ही हकिगत बहुधा एका ओळीत उरकली जाते. पुढे कंपनी निघाली, ‘सैरंध्री’ झाला, लोकमान्यांनी पदवी दिली, हे सांगायची प्रत्येकाला घाई असते. मला मात्र या कथेतला सगळ्यात रंगतदार भाग त्या जुन्या यंत्राभोवतीच दिसतो. दोघांना नुसते खेळ लावून पैसे मिळवायचे नव्हते. या यंत्राचं पोट उघडून त्यातून त्यांना कॅमेरा काढायचा होता.

दोघे नात्याने भाऊ, पण सख्खे नव्हेत. 1910 ते 1916 या काळात पश्चिम भारतात नाटकांचे पडदे रंगवणाऱ्यांत या जोडीचा हात धरणारं फारसं कुणी नव्हतं. संगीत नाटक मंडळ्यांचे राजवाडे, अरण्यं आणि नदीकाठ त्यांच्या कुंचल्यातून उतरत. गुजराती-पारशी रंगभूमीवाल्यांनीही त्यांच्याकडून पडदे करून घेतले. लोक ‘पेंटर’ म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडलं. बाबूरावांचा जन्म 1890चा. चित्रकला आणि शिल्पकला ते कुठल्याही कलाशाळेत न जाता शिकले होते, त्यामुळे एखादी गोष्ट शिकवायला कुणी नाही म्हणून ती करायची नाही, हा विचार त्यांच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. 1913 साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं.

मग सरळ कॅमेराच का नाही घेतला? एक तर पैसा. दुसरं म्हणजे 1914च्या ऑगस्टात युरोपात युद्ध पेटलं आणि विलायती माल महागला, दुर्मिळही झाला. पण या अडचणी बाजूला ठेवल्या तरी प्रोजेक्टरपासून कॅमेरा करायची कल्पना वेडगळ नव्हती. उलट ती यंत्राच्या वंशावळीला धरून होती.

लियाँच्या ल्युमिएर बंधूंनी 1895 साली जे यंत्र केलं, ते एकच यंत्र चित्र टिपायचं, चित्राची प्रत काढायचं आणि पडद्यावर दाखवायचंही. साधारण पाच किलोची लाकडी पेटी आणि बाजूला फिरवायचा दांडा. या यंत्राची सगळी मदार एका गोष्टीवर होती: फीत थांबत थांबत पुढे सरकली पाहिजे. सलग सरकणाऱ्या फितीवर चित्र उमटलं तर ते फरफटलेलंच उमटणार. म्हणून फीत एका जागी क्षणभर गच्च थांबायला हवी, तेवढ्यात तिच्यावर प्रकाश पडायला हवा, मग प्रकाश अडवून ती एक घर पुढे ओढायला हवी, आणि पुन्हा थांबवायला हवी. हे एका सेकंदात सोळा वेळा. लुई ल्युमिएरना याची युक्ती शिवणयंत्रावरून सुचली. शिवताना कापड असंच टाक्याटाक्याने पुढे जातं, सुई कापडात असते तेव्हा ते हलत नाही.

1896च्या 7 जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचा खेळ झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईतले छायाचित्रकार. हा खेळ पाहून त्यांनी इंग्लंडमधल्या रायली ब्रदर्सकडून 21 गिनींना एक कॅमेरा मागवला आणि 1899 साली हँगिंग गार्डनवर दोन पैलवानांची कुस्ती टिपली. पण टिपलेली फीत धुवायला लंडनला पाठवावी लागली. दांडा मुंबईत फिरला, बाकीची विद्या समुद्रापलीकडे राहिली.

ती विद्या इकडे आणली फाळक्यांनी. 1912च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. वॉल्टनला सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ त्यांनी पाहिला, विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा घेतला, आणि त्याच्याबरोबर फितीला भोकं पाडायचं यंत्रही घेतलं. त्या काळी कच्ची फीत बिनभोकांची मिळे. कडेची भोकं पाडायचं काम अंधाऱ्या खोलीत बसून करावं लागे. फाळक्यांच्या घरी ते सरस्वतीबाईंकडे होतं. ही भोकं म्हणजे फितीची वेलबुट्टी नव्हे, यंत्राने तिला धरायची जागा तीच. एका चित्राला प्रत्येक कडेला चार भोकं. भोक तिरकं पडलं तर चित्र तिरकं, भोकांमधलं अंतर कमीजास्त झालं तर चित्र नाचणार.

फाळक्यांनी मोठा सिनेमा काढण्याआधी वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं. ठरावीक वेळाने एकेक चित्र घ्यायचं, मधला वेळ सोडून द्यायचा, आणि शेवटी सगळी चित्रं एका दमात दाखवायची. कुंडीत कित्येक दिवस चाललेली वाढ पडद्यावर मिनिटभरात उरकली. पैसे घालणाऱ्यांना ती जादू वाटली असेल. यंत्र ओळखणाऱ्याला त्यात वेगळंच दिसलं असतं: कॅमेऱ्याला वेळ कळत नाही, त्याला कळतं ते फक्त ‘पुढचं घर’. दोन घरांमध्ये एक षोडशांश सेकंद गेला की एक तास, हे दांडा फिरवणाऱ्याच्या हातात.

तर सावेदादांनी चित्रं टिपली, फाळक्यांनी भोकांपासून धुलाईपर्यंतचं सगळं घरात आणलं. राहिलं होतं ते खुद्द यंत्र. ते करायला कोल्हापूर पुढे झालं.

आता तो प्रोजेक्टर उघडू या. वर भरलेलं रीळ, खाली रिकामं. वरच्या रिळातून फीत एका दातेरी चाकावर येते. चाकाचे दात फितीच्या भोकांत बसतात आणि चाक सलग फिरत फीत सोडत राहतं. मधे चित्राएवढी चौकोनी खिडकी आहे, तिला गेट म्हणतात. तिथे मात्र फीत थांबत थांबत जाते. वर सलग आणि खाली धक्क्याधक्क्याने, या दोन चाली एकमेकींना कशा सोसतात? दोन्हींच्या मध्ये फितीचा एक सैल वळसा ठेवलेला असतो. गेटमधली फीत थांबली की वळसा फुगतो, ओढली गेली की आवळतो. गेटच्या खालीही असाच दुसरा वळसा. हे वळसे ठेवायला ऑपरेटर विसरला तर फीत पहिल्या काही सेकंदांतच भोकांवर फाटते. पुढे खालचं रीळ. त्याच्यावर फीत गुंडाळली जाते तसं ते जाड होतं, आणि जाड रिळाला तेवढीच फीत घ्यायला हळू फिरावं लागतं. म्हणून त्याचा पट्टा मुद्दाम थोडा घसरता ठेवलेला. यंत्रातला हा एकच भाग असा की तो नीट चालावा म्हणून ढिला ठेवायचा असतो.

गेटमध्ये फीत ओढायला प्रोजेक्टरमध्ये बहुधा माल्टीज क्रॉस असे. चार खाचांचं एक लहान चाक आणि त्याच्या शेजारी एक खुंटी असलेलं दुसरं चाक. खुंटीचं चाक सलग फिरतं. त्याची खुंटी खाचेत शिरते तेवढ्या वेळात क्रॉस पाव फेरा घेतो, खुंटी बाहेर पडली की क्रॉस जागच्या जागी अडकून राहतो. क्रॉसच्या आसाला सोळा दातांचं चाक जोडलेलं, त्यामुळे पाव फेऱ्यात चार दात पुढे, म्हणजे चार भोकं, म्हणजे नेमकं एक चित्र. फीत पाव वेळ चालते, पाऊण वेळ थांबते. ज्याने लाकडात सांधे जुळवले आहेत त्याला ही रचना हातात घेऊन दोनदा फिरवली की पटते. पुस्तकात आकृती पाहून ती पटायला जास्त वेळ लागतो.

इथपर्यंत प्रोजेक्टर आणि कॅमेरा एकच. प्रोजेक्टरात प्रकाश मागून येतो, फितीतून आरपार जातो, भिंगातून पडद्यावर पडतो. कॅमेऱ्यात तोच रस्ता उलटा: समोरच्या दृश्याचा प्रकाश भिंगातून आत येतो आणि फितीवर पडतो. मग नुसतं यंत्राचं तोंड फिरवलं की झालं? इथेच खरं काम सुरू होतं.

पहिली अडचण अंधाराची. प्रोजेक्टर उघडाबोडका असतो. झगझगीत दिव्याची धग जाऊ द्यायला त्याला भोकं ठेवावीच लागतात, आणि थोडा उजेड बाहेर सांडला तर काही बिघडत नाही. कॅमेऱ्यात सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी सगळी फीत धुरकटते. रीळ ठेवायचा डबा वेगळा करायचा, आणि त्यातून फीत बाहेर येते त्या फटीला मखमलीच्या पट्ट्या लावायच्या, म्हणजे फीत सरकेल पण उजेड शिरणार नाही. आतल्या भिंती काळ्या करायच्या, नाहीतर भिंगातून आलेला प्रकाश आतच उसळून चित्रावर पडायचा.

दुसरी अडचण शटरची, आणि ती जास्त फसवी आहे. भिंगाजवळ फिरणारी पात्यांची चकती म्हणजे शटर. फीत सरकत असताना ती प्रकाश अडवते. प्रोजेक्टरच्या चकतीला मात्र एकाहून जास्त पाती असतात. एक पातं फीत सरकताना प्रकाश अडवतं, बाकीची चित्र थांबलेलं असतानाच मुद्दाम अडवतात. सेकंदाला सोळा उघडझाप डोळ्याला लुकलुकताना दिसते; तीन पात्यांनी ती अठ्ठेचाळीस केली की डोळा फसतो. हीच चकती कॅमेऱ्यात बसवली तर एकेका चित्रावर प्रकाश तीनदा तुटक तुटक पडेल. उभा माणूस ठीक येईल, पण त्याने हात हलवला की हाताला तीन तीन कडा उमटतील. कॅमेऱ्याला चकती हवी ती अर्धी उघडी, अर्धी बंद: एका चित्राच्या एक षोडशांश सेकंदातला अर्धा वेळ, म्हणजे साधारण एक बत्तिसांश सेकंद प्रकाश, आणि उरलेल्या अर्ध्यात अंधारात फीत ओढायची.

तिसरी अडचण सगळ्यात चिवट. प्रोजेक्टरमध्ये चित्र केसभर हललं तर त्या एका खेळापुरतं हलतं. कॅमेऱ्यात हललं तर ते फितीत कायमचं बसतं, आणि मग जगातल्या कुठल्याही उत्तम प्रोजेक्टरवर दाखवा, ते हलणारच. हिशोब करून पाहावा. फितीवरचं चित्र 24 मिलिमीटर रुंद. बारा फुटी पडदा म्हणजे त्याच्या सुमारे दीडशे पट. गेटमध्ये फीत एक दशांश मिलिमीटर चुकली तर पडद्यावर राजवाडा दीड सेंटिमीटर उडी मारतो, आणि तोही सेकंदाला सोळा वेळा. म्हणून अनेक कॅमेऱ्यांत क्रॉसऐवजी दोन नख्यांची आकडी असे. आकडी पुढे येते, भोकांत शिरते, फीत एक घर खाली ओढते, मागे सरते, रिकामी वर जाते, पुन्हा पुढे. एका घराची चाल 19 मिलिमीटर. मागून एक स्प्रिंगची पाटी फितीला गेटवर दाबून धरते: इतकी सैल नको की फीत डुलेल, इतकी घट्ट नको की तिच्यावर ओरखडे उठतील.

या सगळ्याची चाचणी कशी घ्यायची? फीत खर्च करूनच. थोडी टिपायची, अंधाऱ्या खोलीत धुवायची, वाळवायची, तिच्यावरून प्रत काढायची आणि ती पडद्यावर लावून बघायची. पडदाच दोष सांगतो. चित्र वरखाली उडतंय, म्हणजे आकडी किंवा भोकं. दिव्यासारख्या उजळ गोष्टींना उभ्या शेपट्या फुटल्यात, म्हणजे शटर आणि आकडी यांचा मेळ चुकलाय, फीत सरकायला लागल्यावरही प्रकाश आत येतोय. सगळं चित्र पांढुरकं, म्हणजे कुठेतरी फट. उभ्या बारीक रेघा, म्हणजे गेटमध्ये कचरा. कोल्हापूरकरांचा एक फायदा इथे दिसतो. प्रोजेक्टर त्यांच्याकडे होताच, आणि रोज खेळ लावल्यामुळे चांगलं चित्र कसं स्थिर राहतं हे त्यांना डोळ्यांनी ठाऊक होतं. ज्याच्यावरून शिकायचं आणि ज्याच्यावर तपासायचं ते यंत्र एकच.

हे काम मुख्यतः आनंदरावांनी अंगावर घेतलं होतं. 1916 साली ते अकाली गेले, आणि कॅमेरा अर्धवट राहिला.

बाबूरावांनी तो सोडला नाही. त्यांच्याबरोबर विष्णुपंत दामले होते, पेणहून आलेले, त्यांच्या शिष्यांपैकी यंत्रात सर्वांत जास्त रमणारे. दुसरे शिष्य शेख फत्तेलाल, कागलचे. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाची मदत केली. शाहू महाराजांचा आधार होता. 1918 साली कॅमेरा तयार झाला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. देशी बनावटीचा पहिला सिनेमा कॅमेरा म्हणून तो आज सांगितला जातो. हा मान योग्यच आहे. पण ‘स्वदेशी’ या शिक्क्याने त्या कामाची खरी जातकुळी झाकली जाते, असं मला वाटतं. कच्ची फीत परदेशातूनच यायची, आणि पुढची चाळीस वर्षं तरी तसंच चालणार होतं. कच्ची फीत करणारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी उटीला निघाली ती 1960 साली. कोल्हापूरने जे केलं ते आयात थांबवण्याहून वेगळं होतं. विकतच्या कॅमेऱ्याच्या मालकाला कॅमेरा बिघडला की दुरुस्ती करणारा शोधावा लागतो. ज्याने तो घडवलाय त्याला बिघाड कुठे असणार हे आधीच माहीत असतं. पुढे याच गावात ऑइल इंजिनांचे कारखाने निघाले, याचं मला नवल वाटत नाही.

घडवलेला कॅमेरा चालवणं ही निराळी कसरत. दांड्याचा एक फेरा म्हणजे आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे. हात थकला किंवा दृश्यात जीव गुंतून घाई झाली की लय बिघडली. त्या काळचे कॅमेरावाले मनात एखादं गाणं धरून दांडा फिरवत, असं जगभर सांगतात. संगीत नाटकाच्या पडद्यामागे आयुष्य काढलेल्या माणसांना तालाचं काही शिकवायची गरज नव्हती. मारामारी जोरात दाखवायची तर दांडा जरा हळू फिरवायचा, म्हणजे सेकंदात कमी चित्रं टिपली जातात आणि नेहमीच्या चालीने दाखवल्यावर हालचाल वेगवान दिसते. नवशिक्याच्या हातून नेमकं उलट होई: पैलवान भिडले की त्याचा हात भरभर चाले, आणि पडद्यावर कुस्ती संथ दिसे.

दांडा फिरवताना भिंगातून बघता येत नसे. नेम आधी धरायचा. गेटमध्ये घासलेली काच, नाहीतर फीतच ठेवून मागून पाहायचं, भिंग पुढेमागे करून चित्र रेखीव करायचं, नटाने कुठे उभं राहायचं ती जागा जमिनीवर आखायची, मग पेटी बंद करून सुरू. बाजूला लावलेल्या चौकटीतून अंदाज घ्यायचा, पण ती चौकट भिंगापासून चार बोटं बाजूला असल्याने जवळच्या दृश्यात डोकं कापलं जाण्याची भीती असे. उजेड मोजायचं यंत्र हाताशी नसे, आकाश बघूनच ठरवायचं. ऊन कडक पडलं तर वर पांढरं कापड ताणायचं, सावलीत चेहरा काळवंडला तर समोरून कापडावरून उजेड परतवायचा.

आणि रंग. त्या काळच्या फितीला तांबडा दिसतच नसे. निळ्याची मात्र ती फार भुकेली. म्हणून अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावून फीत धुता येई, पण याच कारणाने चित्रात लाल शालू काळा यायचा, निळं आकाश पांढरंफटक व्हायचं, आणि गोऱ्या गालांवरची लाली डागासारखी उमटायची. रंगांचे पडदे करण्यात नाव काढलेल्या बाबूरावांना इथे पाटी पुसावी लागली असणार. पण त्यांनी ती कशी पुसली हे बघण्यासारखं आहे. रंगवलेला सपाट पडदा मागे टांगायची नाटकी रीत त्यांनी सोडली आणि खांब, पायऱ्या, भिंती असलेले खरेखुरे उभे देखावे बांधायला घेतले. काळ्यापांढऱ्यात रंग मदतीला येत नाही. खोली दाखवायची तर सावली हवी, आणि सावली पडायला वस्तूला जाडी हवी. उत्तम पडदे रंगवणाऱ्या माणसानेच पडदा काढून टाकला, हे मला त्यांच्या कॅमेऱ्याइतकंच मोठं वाटतं. दृश्यं कागदावर आधी रेखाटून घ्यायची त्यांची सवयही इथलीच. फीत महाग, आणि चूक फितीवर करण्यापेक्षा कागदावर केलेली बरी.

‘सैरंध्री’ 1920च्या 7 फेब्रुवारीला पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. भीमाने केलेला कीचकाचा वध पडद्यावर इतका खरा उतरला की प्रेक्षक हादरले आणि सरकारी कात्रीने तो प्रसंग काढायला लावला. याच चित्रपटानंतर लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी 1 ऑगस्टला लोकमान्य गेले. ‘सैरंध्री’ची फीत आज उपलब्ध नाही. तेव्हाच्या फितीचा पाया नायट्रेटचा. ती पेट घ्यायची, आणि पेटली नाही तर डब्यात चिकटून तिची भुकटी व्हायची.

पुढच्या काही वर्षांत कंपनीची भरभराट झाली. 1920 सालीच शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा तिथे कामाला लागला. पुढे व्ही. शांताराम म्हणून गाजलेला हा पोरगा 1925च्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकरी झाला. 1923च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. तानाजीची चढाई रात्रीची, आणि इतके दिवस रात्रीचे प्रसंगही उन्हातच टिपावे लागत. आता सूर्यावर अवलंबून राहण्याचं कारण नव्हतं. 1929 साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरातच प्रभात ही चित्रपट कंपनी काढली. बाबूरावांची कंपनी त्यानंतर फार टिकली नाही. 1954च्या जानेवारीत ते वारले.

हाताच्या दांड्याचा शेवट मात्र आवाजाने केला. 1932 साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ बोलपट काढला. आवाजाची जबाबदारी दामल्यांकडे होती, ज्यांनी चौदा वर्षांपूर्वी आकडी आणि गेट यांच्याशी झुंज घेतली होती. आवाजाला हाताची लय चालत नाही. फीत जरा हळू गेली की गळा घोगरा होतो, जरा जलद गेली की चिरका. म्हणून कॅमेऱ्याला मोटर आली आणि चाल सेकंदाला 24 चित्रांवर कायमची बांधली गेली. मूकपटाच्या काळी सोळा चित्रं म्हणजे एक फूट, आणि सेकंदाला एक फूट असा सोपा हिशोब होता: फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी 3,700 फूट, म्हणजे या हिशोबाने तासाभराचा ऐवज. हजार फुटांचं रीळ पूर्वी साडेसोळा मिनिटं पुरे, आता अकराच मिनिटांत संपू लागलं. फितीचा खर्च दीडपट झाला, तो निर्मात्यांना लगेच कळला. दुसरा परिणाम अजून आपल्यासमोर आहे. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे शिल्लक आहेत त्यांतली माणसं कधीकधी तुरुतुरु चालताना, झटके देत नमस्कार करताना दिसतात, आणि त्या काळी अभिनयच तसा होता असं पाहणाऱ्याला वाटतं. माणसं बिचारी नेहमीच्याच चालीने चाललेली असतात. सोळाने टिपलेली फीत दाखवणाऱ्याने चोवीसने सोडलेली असते.